मी दाबलं होतं

कुमुद गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी सिम्युलेटरच्या पोटाखाली उताणा पडलो होतो. तोंडात टॉर्च धरला होता आणि तळपत्र्याचे स्क्रू काढून एकेक पँटच्या खिशात टाकत होतो. दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. मला फक्त बूट दिसत होते. बुटांवरून ते आमचे शिपाई रमजानभाई आहेत हे कळलं.

"भारंबेसाहेब, बाहेर या."

"एवढा पत्रा उतरू दे."

"पत्रा राहू द्या. बाहेर या."

मी सरपटत बाहेर आलो. त्या खोलीत मोबाइल न्यायची बंदी होती, ते बाहेर एका पेटीत ठेवावे लागत. त्यामुळे शेजारच्या फालकवहिनींनी ऑफिसच्या फोनवर फोन केला होता.

"कुमुदवहिनींना दवाखान्यात नेलंय," रमजानभाई म्हणाले. मग फरशीकडे बघून म्हणाले, "नेलंय म्हणजे, नेलं होतं."

मी हात पुसले. पत्रा सुटा आहे, आत कुणाला पाय ठेवू देऊ नका, असं त्यांना सांगितलं. ते हो म्हणाले. मग मी गेलो.

दवाखान्यातल्या बाकावर बसलो तेव्हा मांडीला काहीतरी टोचलं. खिशात हात घातला, तर स्क्रू. ते तसेच खिशात राहिले. स्मशानातही माझ्याजवळ होते.

मी तेव्हा रेल्वेच्या एका प्रशिक्षण केंद्रात तंत्रज्ञ होतो. आमच्याकडे गाडी चालवायचा सिम्युलेटर होता. म्हणजे एका हॉलमध्ये इंजिनाची ड्रायव्हर बसतो ती केबिन जशीच्या तशी बसवलेली. तीच खुर्ची, तेच दांडे, तीच बटणं. काचेच्या जागी पडदा आणि पडद्यावर रूळ, सिग्नल, स्टेशनं पळतात. ड्रायव्हर लोक ठरावीक काळानं येऊन त्यावर परीक्षा देत.

त्यात एक दिवा असतो. थोड्या थोड्या वेळानं तो लुकलुकतो. तो लुकलुकला की ड्रायव्हरनं पायाखालचं पॅडल दाबायचं. मी जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. नाही दाबलं तर भोंगा वाजतो, आणि तरीही नाही दाबलं तर गाडी स्वतःच इमर्जन्सी ब्रेक लावून उभी राहते. खऱ्या इंजिनातही असंच असतं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर आमचा सिम्युलेटर मध्येच ब्रेक लावायला लागला. पण एकाच माणसाच्या हातात. बाकीचे ड्रायव्हर आले, चालवून गेले, काही झालं नाही. मी चालवून बघितला, काही झालं नाही. तो माणूस बसला की गाडी कुठेतरी ओसाड रानात गचकन उभी राही. कॉम्प्युटर दर वेळी एकच सांगे: ड्रायव्हरनं पॅडल दाबलं नाही. तो म्हणे, मी दाबलं होतं.

त्या माणसाचं आडनाव झोपे होतं. आमच्या भागात ते नेहमीचं आडनाव आहे. त्याचं कुणाला हसू येत नाही. पण त्या महिन्यात यायला लागलं.

"नाव झोपे ठेवून दिव्याशी भांडतो," कँटीनमध्ये लोक म्हणत.

झोपेभाऊ मालगाडीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी इंजिनावर गेलेली. कुठे सिग्नल चुकला नाही, कुठे गुरं मारली नाहीत. पण नापास झाला तर ड्रायव्हरला लाइनवरून उतरवतात. मग शेडमध्ये बसून ड्युट्यांचे निरोप द्यायचे. आमचे मुख्य प्रशिक्षक टेंभेकरसाहेब हे सरळ माणूस. ते म्हणाले होते, "झोपे, तुमच्याविरुद्ध माझं काही नाही. पण मागे मालानं भरलेल्या वाघिणी असतात. मी मशीनचं ऐकणार." मशीनचं खरं की माणसाचं, हे बघायलाच मी त्या दिवशी खाली शिरलो होतो.

आम्हाला मुलगा नाही. मुलगी सुरतेला दिलेली. म्हणून क्रिया मीच धरली. डोक्यावरचे केस उतरवले. क्रिया धरलेल्यानं दहावं होईपर्यंत चटईवर निजायचं आणि पायात काही घालायचं नाही. माझी मोठी बहीण, अक्का, येऊन राहिली होती. ती या गोष्टींत कडक. अंगणात संडासाकडे जाताना मी सवयीनं स्लिपर घातली, तर तिनं ती उचलून माळ्यावर टाकली.

लोक भेटायला येत होते. येत, बसत, कसं झालं विचारत. मी सांगे. पुढचा आला की पुन्हा सांगे. सांगून सांगून ते दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटायला लागलं होतं.

एका दुपारी झोपेभाऊ आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. गावाच्या दुसऱ्या टोकापासून चालत आले होते.

"गाडी कुठे?" मी विचारलं. त्यांच्या मोटारसायकलवर त्यांचा फार जीव. पुसायचं फडकं त्यांच्या खिशात असे.

"मेहुण्याला दिली."

"विकली?"

"दिली. चालवायला."

अक्कानं पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "भाऊ, एक विचारू? तुमच्याकडे हे असं झालंय. विचारू नये."

"विचारा."

"माणूस डोळे उघडे ठेवून झोपू शकतो का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"घरचे म्हणतात, तू जेवताना तर नीट जागा असतोस. तरी बायको पाळत ठेवते माझ्यावर. मी पेपर वाचत असलो तरी हाक मारून बघते. मी म्हणतो, जागा आहे. ती म्हणते, बरं. पाच मिनिटांनी पुन्हा हाक. म्हणून गाडी देऊन टाकली. उगाच कुणाच्या अंगावर जायचो." मग म्हणाले, "मी दाबतो हो भाऊ. मला पक्कं आठवतं, दाबलं म्हणून. पण आता वाटतं, ते आठवणंही झोपेतलंच असेल."

"कंपनीचा माणूस येणार होता ना?"

"येऊन गेला. पुण्याहून. त्यानंही चालवून बघितली. म्हणाला, मशीन उत्तम आहे. फक्त खालचा पत्रा चिकटपट्टीनं लावून गेला. स्क्रू सापडले नाहीत म्हणे."

मी खुंटीवरच्या पँटकडे बघितलं.

"उद्या सकाळी शेवटची परीक्षा आहे," झोपेभाऊ उठत म्हणाले. "ते सांगायला नव्हतो आलो. वहिनींसाठी आलो होतो. दसऱ्याला त्यांनी मला हातावर साखर दिली होती." दारात ते घुटमळले. जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं नसतं, म्हणून काहीच न म्हणता गेले.

सकाळी मी पँट चढवली तशी अक्का दारात आडवी उभी राहिली.

"कुठे निघालास?"

"ऑफिसात."

"सुतकात?"

"स्क्रू माझ्याकडे आहेत."

"कुणाच्या तरी हाती पाठव."

"लावायलाही मीच लागतो."

"लोक काय म्हणतील एकनाथ? बायको जाऊन आठवडा नाही झाला नि हा नोकरीला निघाला."

"रजाच आहे. सहीसुद्धा करणार नाही."

ती बाजूला झाली. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "अनवाणीच जा. तेवढं मोडू नको."

मी अनवाणी गेलो. आमच्याकडे तेव्हा थंडी सुरू झालेली, डांबर गारठलेलं आणि खडी टोचत होती. कडेच्या धुळीतून चालत गेलो.

हॉलमध्ये टेंभेकरसाहेब आणि रमजानभाई होते. झोपेभाऊ केबिनच्या दाराशी बूट काढत होते. मला बघून साहेब खुर्चीतून उठले.

"अहो भारंबे, तुम्ही कशाला आलात?"

"स्क्रू द्यायला."

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मी म्हणालो, मला खुर्चीवर बसायचं नाही. मग मी भिंतीला टेकून खाली बसलो. साहेब जरा वेळ उभेच राहिले. मी खाली आणि आपण वर, हे त्यांना बरं वाटत नव्हतं.

परीक्षा सुरू झाली. झोपेभाऊ आत बसले. बाहेरच्या टेबलावरच्या पडद्यावर आम्हाला तोच रूळ दिसत होता. गाडी चांगली चालली होती. सिग्नल आला की ते नियमाप्रमाणे हात करून मोठ्यानं म्हणत, "हिरवा." शेजारी असिस्टंट नव्हता तरी म्हणत. दिवा लुकलुके, विझे. लुकलुके, विझे. एक पूल गेला, एक स्टेशन गेलं. मला वाटायला लागलं, निघाला बिचारा. तेवढ्यात भोंगा वाजला, आणि गाडी केळीच्या बागांमध्ये गचकन उभी राहिली.

आतून आवाज आला, "मी दाबलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला. झोपेभाऊ आतच बसून होते.

"साहेब, मी एकदा बसून बघू?" मी म्हणालो.

"तुम्ही याआधी बसलाच होतात की. काही झालं नाही."

"तरी."

साहेबांनी रमजानभाईंकडे बघितलं. सुतकातला माणूस मशीनला शिवला तर चालतं का, हा प्रश्न होता. दसऱ्याला तिची पूजा होते.

"मला काय विचारता साहेब," रमजानभाई म्हणाले. "पण मशीनला कुठे नातेवाईक असतात?"

मी बसलो. खुर्चीचा नियम तेवढा मोडला. खरं सांगायचं तर मला तिथे बसायला बरं वाटलं. घरी जे येई ते विचारी. इथे फक्त दिवा विचारत होता, आणि त्याला पायानं उत्तर देता येत होतं. लुकलुकला, दाबलं. लुकलुकला, दाबलं. पूल गेला. स्टेशन गेलं. लुकलुकला, दाबलं. दिवा विझला नाही. मी पुन्हा दाबलं. भोंगा वाजला. गाडी उभी राहिली.

"मी दाबलं होतं," मी म्हणालो.

मग साहेब केबिनच्या दारात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भारंबे, तुम्ही घरी जा. तुमचं चित्त ठिकाणावर नाही. असणार कसं? तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही."

"साहेब, मी दाबलं."

"हो. दाबलं असेल. घरी जा आता. रमजान सोडेल."

तेव्हा मला झोपेभाऊंचं म्हणणं कळलं. कारण मी तिथल्या तिथे विचार करायला लागलो, की खरंच दाबलं का? पाय खाली गेल्याचं आठवत होतं. पण सकाळी अक्कानं दिलेला चहा प्यायल्याचंही आठवत होतं, आणि तो नंतर थंडगार तसाच सापडला होता. त्या दिवसांत माझ्या आठवण्याला काही भाव नव्हता.

मी केबिनमधून उतरलो आणि दाराशी खाली वाकलो. सवयीनं. वहाणा शोधायला. तिथे झोपेभाऊंचे बूट होते. माझ्या वहाणा नव्हत्या, कारण मी घालून आलोच नव्हतो.

मी तसाच वाकलेला राहिलो. साहेबांना वाटलं, मला रडू आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

"झोपेभाऊ," मी विचारलं, "तुम्ही बूट का काढता?"

झोपेभाऊ ओशाळले. नियमाप्रमाणे बूट काढायचे नसतात. "उस्तादांनी शिकवलंय," ते म्हणाले. "डिझेलवर असिस्टंट होतो तेव्हा. ते म्हणायचे, इंजिनाचं दुखणं कानाला उशिरा कळतं, तळपायाला आधी. केबिनपर्यंत बूट घालतो. आत शिरताना काढतो."

"दर वेळी?"

"पहिल्यापासून."

"बाकी कुणी काढतं?"

"बाकीच्यांना उस्ताद वेगळे होते."

मी साहेबांकडे वळलो. "साहेब, मी याआधी बसलो तो बूट घालून. पुण्याचा माणूसही बूट घालूनच बसला असणार. आज मी अनवाणी आहे."

"म्हणून?"

"तुम्ही बूट काढून बसा."

साहेब म्हणाले, हा वेडेपणा आहे. मग म्हणाले, मशीनला बूट काय नि पाय काय, दाब तो दाब. रमजानभाई म्हणाले, "साहेब, काढायला काय जातंय?" साहेबांनी बूट काढले. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. मोजेही काढा म्हणालो, तेव्हा ते पटकन काढले.

साहेब गाडी फार सावकाश चालवत. पूल येईना. स्टेशन येईना. आम्ही तिघे पडद्याकडे बघत उभे. झोपेभाऊंच्या ओठांची हालचाल होत होती. साहेब सिग्नलचा रंग मोठ्यानं बोलत नव्हते, म्हणून ते त्यांच्या वतीनं पुटपुटत होते.

स्टेशनच्या पुढे भोंगा वाजला. गाडी उभी राहिली.

मग साहेबांचा आवाज आला. आधी ते दुसरंच काही म्हणणार होते असं वाटलं, पण शेवटी म्हणाले तेच.

"मी दाबलं होतं."

कुणी हसलं नाही. झोपेभाऊ खाली बसले, जिथे मी मघाशी बसलो होतो तिथे.

पॅडलची पेटी वेगळी असते, तळपत्र्याच्या वर. त्या दिवशी मी तिच्यापर्यंत पोचलोच नव्हतो. आता ती उघडली. पॅडल बिजागरीवर खाली जातं आणि खालचं बटण दाबतं. त्या बटणाच्या शेजारी, खाचेत, एक तांदळाचा दाणा होता. हळदकुंकू लावलेला. पॅडलबरोबर तो हले, आणि कधीतरी मध्ये येऊन आडवा होई. बूट घातलेला माणूस जोरात दाबतो. त्यानं दाणा असला तरी बटण टेकत होतं. अनवाणी माणूस हलकेच दाबतो. तेवढी तांदळाभर जागा उरे.

मी तो चिमट्यानं काढून तळहातावर घेतला.

"अक्षता," साहेब म्हणाले.

"दसऱ्याच्या," रमजानभाई म्हणाले.

दसऱ्याला केबिनची पूजा कुणी केली ते आम्हा चौघांनाही माहीत होतं. एरवी साहेबांच्या पत्नी करत. त्या वर्षी त्या माहेरी गेल्या होत्या, म्हणून साहेब मला म्हणाले होते, कुमुदवहिनींना आणा. आदल्या संध्याकाळी ती चष्मा लावून तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, मशीनलाच तर वाहायचेत, एवढं काय बघतेस? ती म्हणाली, तुटका दाणा अक्षतेत चालत नाही. पूजा करताना तिनं दांड्यांना हळदकुंकू लावलं, खुर्चीला लावलं, आणि मग विचारलं, अहो, पाय कुठे असतो ड्रायव्हरचा? मी पॅडल दाखवलं. ती खाली वाकली आणि पॅडललाही अक्षता वाहिल्या. पाय लागतो तिथे आधी नमस्कार करायचा, म्हणाली.

दाणा अख्खा होता. एवढे बूट पडले वरून, तरी तुटला नव्हता.

साहेबांनी टेबलावर कागद ओढला. झोपेंचा निकाल तिथल्या तिथे पास लिहिला. मग बिघाडाचं कारण लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "पॅडलखाली कचरा."

"साहेब," झोपेभाऊ खालूनच म्हणाले, "कचरा लिहू नका."

साहेबांनी पेन थांबवलं. माझ्याकडे बघितलं आणि लगेच कागदाकडे बघितलं. "मग काय लिहू?"

"धान्य लिहा."

साहेबांनी खोडून धान्य लिहिलं. पुण्याच्या कंपनीनं नंतर दोनदा पत्र पाठवून विचारलं, की या शब्दाचा अर्थ काय.

मी पेटी बंद केली. खाली शिरून तळपत्रा लावला. खिशातले स्क्रू एकेक काढून बसवले. सगळे होते. बाहेर आलो तेव्हा साहेब बूट घालत होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून आत फक्त फुलं." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं, आणि ते लेस बांधत राहिले.

झोपेभाऊ मला घरापर्यंत सोडायला आले. चालतच. त्यांनी बूट हातात घेतले होते. घाला म्हणालो, तर म्हणाले, राहू द्या, सोबत आहे. दारात अक्कानं दोघांच्याही पायांवर पाणी घातलं.

तेराव्याला ते मोटारसायकलवर आले. मेहुण्यानं आरसा फोडून ठेवला होता, त्याबद्दल खूप बोलले. जेवायला बसले. बायको आता हाक मारत नाही, म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सवय झाली होती. आता घर शांत वाटतं." आणि जीभ चावली. मी म्हणालो, भात घ्या.

निघताना त्यांनी विचारलं, "तो दाणा काय केलात?"

मी तो देवघरात हळदीच्या डबीत ठेवला होता. अक्षता केरात टाकत नाहीत. वाहत्या पाण्यात सोडतात. अस्थी नेल्या तेव्हा बरोबर न्यायचा होता, पण तेव्हा मला ते सुचलं नाही.

"माझ्याकडे द्या," ते म्हणाले. "परवा गाडी आहे. तापीच्या पुलावर सोडतो. इंजिनातून सोडला की मधल्या धारेत पडतो. लोकांची नाणी पडतात ती सगळी कडेला."

"असू द्या. मी सोडेन."

"बरं," ते म्हणाले. "पण सोडा."

झोपेभाऊ निवृत्त होईपर्यंत त्या पुलावरून गाड्या नेत होते. दर वेळी भेटले की विचारत, आणि मी म्हणे, बघतो. आता ते मुलाकडे नाशिकला असतात, फोनवर तब्येतीचं विचारतात, दाण्याचं विचारत नाहीत. तो सिम्युलेटरही गेला, नवा आला. त्याला पॅडल नाही, हाताचं बटण आहे. मीही निवृत्त झालो. हळदीची डबी दोनदा बदलली, दाणा एका डबीतून दुसऱ्या डबीत ठेवला.

नदी घरापासून लांब नाही. संध्याकाळी फिरायला मी तिकडेच जातो. तो दाणा पाण्यात सोडायचा राहिला आहे.